एकलकोंडा कोळी आणि जुनी घरे

'हा कोळी विषारी आहे का?' असे विद्यार्थी विचारतात तेव्हा त्याचे काटेकोर उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असेच द्यावे लागते. जगात आज कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि मोजके अपवाद सोडले तर सर्वांजवळ विषग्रंथी असतात. पण कोळ्याचे भक्ष्य म्हणजे माशी, झुरळ, पतंग. विष घडले ते त्यांच्यासाठी. माणसाला इजा करील असे विष आणि आपली कातडी भेदतील असे विषदंत, या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या जाती फार थोड्या. म्हणून प्रश्न थोडा बदलून घ्यावा: हा कोळी माणसाला धोकादायक आहे का, आणि असला तर कोणत्या परिस्थितीत?

या दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास करायला अमेरिकेच्या मध्यभागातला 'ब्राऊन रेक्लूस' हा कोळी उत्तम. रेक्लूस म्हणजे एकलकोंडा. शास्त्रीय नाव लोक्सोसेलीस रेक्लूसा. कॅन्सस, मिसुरी, ओक्लाहोमा, आर्कान्सा, टेनेसी आणि टेक्ससचा बराच भाग हा त्याचा मुलूख. आपल्याकडची अनेक मुले उच्च शिक्षणासाठी या राज्यांतल्या विद्यापीठांत जातात आणि भाडे परवडावे म्हणून जुन्या इमारतींतल्या सदनिकांत राहतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तिथून कोळ्याचा फोटो पाठवून 'सर, घर सोडू का?' असे विचारले होते. 'घर सोडू नको, पलंग भिंतीपासून ओढ,' असे मी त्याला कळवले. हे उत्तर थट्टेचे नव्हते. त्यामागची कारणे या कोळ्याच्या सवयींत आहेत.

हा कोळी आकाराने सामान्य. पाय सोडून शरीर साधारण ६ ते १२ मिलिमीटर, रंग फिकट ते गडद तपकिरी, पायांवर पट्टे नाहीत की काटे नाहीत. शिरोवक्षावर व्हायोलिनच्या आकाराचा गडद डाग असतो आणि व्हायोलिनची मान उदराकडे वळलेली असते. मात्र केवळ या डागावर विसंबू नये. अनेक निरुपद्रवी कोळ्यांच्या पाठीवरही हौशी डोळ्यांना व्हायोलिन दिसते. खरी ओळख डोळ्यांवरून पटते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, याला सहाच. तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत, अर्धवर्तुळात मांडलेले. चांगल्या भिंगातून हे दिसते.

हा रात्रीचा शिकारी आहे. दिवसा कोरड्या, अंधाऱ्या आणि कोणी हात लावत नाही अशा फटीत तो बसून राहतो. निसर्गात ही जागा म्हणजे झाडाची सुटलेली साल किंवा दगडाची खालची बाजू. जुन्या घरात त्याला याहून चांगली सोय मिळते. भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी आणि गिलावा यांमधली फट, विजेच्या बटणांच्या मागची पोकळी, नळ व तारा एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेणारी भोके, माळा, तळघर, आणि सर्वांत आवडीची वस्तू म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. पुठ्ठ्याच्या घड्या त्याला झाडाच्या सालीसारख्याच वाटत असाव्यात. अन्नाशिवाय तो कित्येक महिने काढू शकतो.

आणखी एक बाब. पुष्कळ जातींच्या कोळ्यांची पिल्ले रेशमी तंतू हवेत सोडून वाऱ्यावर दूर उडत जातात. एकलकोंड्याची पिल्ले असे करीत नाहीत. ती चालत जातील तेवढीच पांगतात, नाहीतर माणसाच्या सामानातून नवे घर गाठतात. त्यामुळे एखाद्या इमारतीत ते शेकड्यांनी सापडतात आणि शेजारच्या इमारतीत एकही नसतो.

आता संख्या आणि धोका यांचा संबंध पाहू. कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा या गावी एकोणिसाव्या शतकात बांधलेले एक घर आहे. २००१ साली तिथे चार जणांचे कुटुंब राहत होते. सहा महिन्यांत त्या घरात चिकट सापळ्यांनी आणि हाताने मिळून २,०५५ एकलकोंडे कोळी पकडले गेले. त्यांपैकी सुमारे ४०० माणसाला विषबाधा करण्याइतके मोठे होते. कुटुंबाला त्यांचा एकही उपद्रव झाला नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठातले कोळीतज्ज्ञ रिक व्हेटर यांच्या सहभागाने ही नोंद २००२ साली प्रसिद्ध झाली. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून 'असे कसे?' एवढेच विचारून पाहावे. मुले बरोबर दिशेने जातात.

हा कोळी आपल्याला शोधत येत नाही, हे त्याचे उत्तर. चावा बहुधा तेव्हाच बसतो जेव्हा तो कातडी आणि दुसरी एखादी वस्तू यांच्यामध्ये दाबला जातो. खुंटीवरचा सदरा न झटकता चढवला, बुटात पाय घातला, झोपेत कूस बदलली, असे ते प्रसंग असतात. म्हणजे कोळ्यांची एकूण संख्या कमी करण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व अंथरूण आणि कपडे त्यांच्यापासून वेगळे ठेवण्याला आहे.

इथे पलंगाचा मुद्दा येतो. या कोळ्याच्या पायांना गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावर पकड घेता येत नाही. म्हणूनच तो पुष्कळदा न्हाणीघरातल्या टबात किंवा बेसिनमध्ये अडकून पडलेला सापडतो. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढला, चादरीची टोके जमिनीला टेकू दिली नाहीत, पलंगाखालचे सामान काढले आणि पायांखाली काचेच्या वाट्या ठेवल्या की त्याला वर येण्याचा रस्ता उरत नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून आपल्याकडे दुधा-तुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तीच युक्ती. इथे पाण्याचीही गरज नाही. कपडे व बूट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवावेत, नाहीतर घालण्यापूर्वी झटकावेत. पुठ्ठ्याची खोकी टाकून द्यावीत आणि ती उचलताना हातमोजे घालावेत. पट्ट्या, नळ आणि बटणांभोवतीच्या फटी बुजवाव्यात. एका सदनिकेत हे करून भागत नाही, कारण भिंती सामाईक असतात. घरमालकाला लेखी कळवून संपूर्ण इमारतीचे काम करून घेणे बरे.

कीटकनाशकाची फवारणी हा लोकांना पहिला सुचणारा उपाय. माझ्या मते तो शेवटचा असावा. झुरळ पृष्ठभागाला अंग घासत चालते आणि मग स्वतःला चाटून साफ करते, त्यामुळे पसरलेले औषध त्याच्या पोटात जाते. कोळी पायांच्या टोकांवर चालतो. जमिनीवरच्या औषधाशी त्याचा संपर्क थोडाच येतो आणि भिंतीच्या आत बसलेल्याशी तर येतच नाही. २००३ साली कॅन्सस विद्यापीठातल्या एका संशोधकाने दाखवले की हा कोळी मेलेले किडेही खातो, आणि फवारणीने त्याला आयते अन्नच मिळत असावे असा तर्क मांडला. व्हेटर यांनी पुढे तपासले तेव्हा मेलेले किडे खाणाऱ्या कोळ्यांच्या इतरही कितीतरी जाती निघाल्या आणि तर्काचे वजन कमी झाले.

भिंतीच्या कडेने ठेवलेला चिकट सापळा अधिक भरवशाचा. तो कोळी पकडतो आणि मोजमापही देतो. कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीशी, दर आठवड्याला किती सापडले याची वही ठेवली की कोणती फट बुजवायची ते कळते.

तरीही चावा बसलाच तर काय होते? सुरुवातीला वेदना इतकी कमी की ती पुष्कळदा जाणवतही नाही. काही तासांनी दुखू लागते. विषातले मुख्य द्रव्य स्फिंगोमायलिनेज-डी नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम. ते पेशींच्या पटलातल्या विशिष्ट मेदद्रव्यांचे रेणू तोडते. त्यातून शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा खवळते आणि त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडथळे येतात. रक्तपुरवठा थांबला की तेवढी कातडी मरते आणि व्रण होतो. बहुतेक चावे मात्र एवढ्या थराला न जाता आपोआप बरे होतात. क्वचित, आणि विशेषतः लहान मुलांत, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. चाव्यानंतर ताप, अंगावर पुरळ किंवा गडद रंगाची लघवी दिसली तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. एरवी जखम साबण-पाण्याने धुवावी, तो अवयव स्थिर ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ अधूनमधून लावावा आणि डॉक्टरांना दाखवावे. शेक मात्र देऊ नये. विकरांचा वेग थंडीत मंदावतो आणि उबेने वाढतो, हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असते. जखम कापणे, चोखणे हे प्रकार पूर्ण वर्ज्य.

या कोळ्यापेक्षा त्याच्या नावाची दहशत कधीकधी अधिक अपाय करते. जॉर्जिया राज्यात लोकांकडून मागवलेल्या एक हजाराहून अधिक नमुन्यांत एकलकोंडे फक्त १९ निघाले. त्याच राज्याच्या विषबाधा केंद्रात त्याच्या चाव्याच्या ९६३ तक्रारी नोंदलेल्या होत्या. मग त्या जखमा कशाच्या? जीवाणूंचा संसर्ग, मधुमेहातले व्रण, कातडीचा कर्करोग अशी कितीतरी कारणे असू शकतात. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या एका बाळाच्या दंडावरची जखम प्रथम याच कोळ्याची मानली गेली. ती निघाली काळपुळी. त्या वर्षी टपालातून पसरवलेल्या अँथ्रॅक्सच्या जंतूंची. चुकीच्या निदानात खरे औषध लांबणीवर पडते. म्हणून तीन तज्ज्ञांनी २०१७ साली डॉक्टरांसाठी उलटी यादी प्रसिद्ध केली: जखमा एकाहून अधिक असतील, मधला भाग लाल आणि उंच फुगलेला असेल, पू वाहत असेल, तीन महिने होऊनही भरली नसेल, तर कोळ्याला सोडा आणि दुसरे कारण शोधा. खऱ्या चाव्याचा मध्यभाग बहुधा फिकट किंवा निळसर आणि सपाट असतो.

आपल्याकडेही अंगावर चट्टा उठला की 'कोळी फिरला असेल' म्हणणारे भेटतात. पावसाळ्यात दिव्यावर येणारा पेडेरस नावाचा नारिंगी-काळा भुंगेरा अंगावर चिरडला गेला तर असाच भाजल्यासारखा चट्टा उठतो, आणि बोल कोळ्याला लागतो. भिंतीवर दिसणारा तळहाताएवढा चपटा तपकिरी कोळी झुरळांचा शिकारी आहे. त्याला घाबरण्याचे कारण नाही. एकलकोंड्याचा एक भाऊबंद, भूमध्यसागरी प्रदेशातला लोक्सोसेलीस रुफेसेन्स, मात्र माणसाच्या सामानाबरोबर जगभर पसरला असून भारतातही त्याची नोंद झालेली आहे. तेव्हा शाळेच्या अडगळीच्या खोलीत तपकिरी, बिनपट्ट्याचा कोळी सापडला तर त्यावर पारदर्शक बरणी उपडी घालावी, खालून जाड कागद सरकवावा आणि भिंगातून डोळे मोजावेत. सहा भरले तरी घाई नको. थुंकून शिकार जखडणाऱ्या, ठिपकेदार अंगाच्या कोळ्यालाही सहाच डोळे असतात. त्याची पाठ मात्र घुमटासारखी उंच असते. शंका उरली तर नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून, तारीख आणि जागा लिहून, जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे द्यावा.