लातूरला पाऊस लंडनपेक्षा जास्त

लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं. हा समज आधी खोडला पाहिजे. लंडनला वर्षाकाठी साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, इंग्लंडातल्या एसेक्स परगण्यात त्याहूनही कमी. लातूर जिल्ह्याची सरासरी 700 ते 800 मिलिमीटर आहे! मग 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी का आणावं लागलं?

तिकडचा पाऊस बारा महिने रिमझिमतो. आमचा पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होतो. खाली काळा पाषाण, पाणी मुरतं ते भेगांपुरतंच. त्यात 2014 आणि 2015 लागोपाठ कोरडे गेले, उसाने बोअर उपसले, मांजरा धरण आटलं. पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिला दहाच वाघिणी होत्या, कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुतलेल्या, प्रत्येकीत 50 हजार लिटर. पुढे गाडी पन्नास वाघिणींची झाली. आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. पाऊस आपल्याला कमी नाही, तो अडवण्यात आपण कमी पडतो.

दुसरा समज भूकंपाचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर शहर जमीनदोस्त झालं, असं पुष्कळांना वाटतं. उद्ध्वस्त झालं ते औसा तालुक्यातलं किल्लारी, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि भोवतालची गावं. शहर तिथून चाळीसेक किलोमीटरवर. किल्लारीखाली ज्वालामुखी आहे, हेही खोटं. धक्का 6.2 चा होता, पण सुमारे दहा हजार माणसं गेली ती मुख्यतः घरांखाली सापडून. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि आत गणपती विसर्जनाहून दमून आलेली, गाढ झोपलेली माणसं.

तिसरा समज शेजारच्या नांदेडचा. तिथले शीख अलीकडे पंजाबातून आले, हेही चूक. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला. इथल्या कित्येक शीख घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते.

आणि 15 ऑगस्ट 1947 ला नांदेड-लातूर स्वतंत्र झालं नव्हतं. इथे निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 पर्यंत होतं. म्हणून मराठवाड्यातल्या शाळांत ऑगस्टनंतर महिन्याभरात पुन्हा झेंडावंदन होतं.