फोटोतली किमया आणि फोटोवरचा भरवसा
(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं फोटो एडिटिंगवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटलं असेल. पण खरं कशाच्या आधारावर मानायचं, हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. आणि आज हा प्रश्न आपल्यापुढे सर्वांत जास्त वेळा मोबाईलच्या पडद्यावरच उभा राहतो. म्हणून आज दोन गोष्टी करू. ही किमया घडते कशी, ते आधी नीट समजून घेऊ. मग ती किमया कुठपर्यंत राहते आणि खोटेपणा कुठून सुरू होतो, ते पाहू.

गावाकडच्या फोटो स्टुडिओत नेहमी येणारं एक काम घ्या. घरातले आजोबा वारले. त्यांचा धड फोटो नाही. आहे तो ओळखपत्रावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातला. वर्षभरानं घरात नातू जन्मतो. मुलगा स्टुडिओत जाऊन म्हणतो, "बाबांना नातवाच्या शेजारी बसवून द्या." स्टुडिओवाला हे करतो कसं?

पहिली गोष्ट, कॉम्प्युटरसाठी फोटो म्हणजे चौकटींचं शेत आहे. आडव्या चार हजार आणि उभ्या तीन हजार चौकटी असतील, तर एकूण एक कोटी वीस लाख झाल्या. या चौकटींना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा सहसा ० ते २५५ च्या मध्ये. बस्स. आजोबांचे डोळे, नातवाचं हसू, मागची भिंत, सगळे आकडेच. एडिटिंग म्हणजे हे आकडे ठरवून बदलणं. बाकी सगळं यातूनच निघतं.

आता काम सुरू. आधी निवड, म्हणजे सिलेक्शन. घोळक्यातून फक्त आजोबांची कड आखून घ्यायची. कड धारदार ठेवली तर आजोबा कात्रीनं कापून चिकटवल्यासारखे दिसतात, म्हणून ती जराशी विरळ करतात. त्याला फेदर म्हणतात.

दुसरं, थर, म्हणजे लेअर. एका काचेवर नातू, तिच्यावर ठेवलेल्या दुसऱ्या काचेवर आजोबा, असं समजा. वरून पाहिलं की एकच चित्र दिसतं; पण एक काच सरकवली तरी दुसरी जागची हलत नाही.

तिसरं, मास्क. रांगोळीचा छाप आठवा. भोकं असतील तिथून रांगोळी खाली पडते, बाकीची अडते. मास्क तसाच आहे. मास्क पांढरा असेल तिथे वरचा थर दिसतो, काळा असेल तिथे झाकला जातो, करडा असेल तिथे अर्धवट दिसतो. खोडरबरानं पुसलं तर पुसलेलं गेलं. मास्कमध्ये काहीच जात नाही, नुसतं झाकलं जातं. शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून मास्कची सवय लावावी.

चौथं, मिसळण, म्हणजे ब्लेंडिंग. इथं थोडं गणित आहे, पण चौथीच्या मुलाला जमेल असं. पांढऱ्याला १ माना, काळ्याला ० माना. मल्टिप्लाय या प्रकारात वरचा आणि खालचा आकडा गुणतात. पांढरा गुणिले काहीही, म्हणजे तेच राहतं. अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव. रंग गडद झाला. म्हणून पांढऱ्या थरावर काढलेली सावली मल्टिप्लाय केली की पांढरं नाहीसं होतं आणि सावली तेवढी जमिनीवर पडते. स्क्रीन हा प्रकार याच्या उलट आहे. त्यात काळं नाहीसं होतं आणि उजेड राहतो. काळ्याकुट्ट रात्री काढलेला फटाक्याचा फोटो स्क्रीन करून कुठल्याही फोटोवर टाका, काळं आकाश गळून पडेल आणि ठिणग्या राहतील. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंच्या मागे उसळणाऱ्या ज्वाळा बऱ्याचदा अशाच येतात.

शेवटी उजेड जुळवायचा. नातवावर खिडकीचा उजेड डावीकडून असेल आणि आजोबांवर मांडवातल्या फोकसचा उजवीकडून, तर डोळ्याला काहीतरी खटकतं. काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. चांगला कारागीर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर मोबाईल हे सगळं एका बोटात करून देतो. तरी आतमध्ये चालतं ते आकडे बदलण्याचंच काम.

आता इतिहासाकडे येऊ, कारण ही विद्या कॉम्प्युटरनं जन्माला घातली असा एक गैरसमज आहे. फोटोशॉप हा प्रोग्राम थॉमस आणि जॉन नोल या दोन अमेरिकी भावांनी लिहिला. तो १९९० साली बाजारात आला आणि त्यात थरांची सोय आली १९९४ मध्ये. पण ऑस्कर रेलँडर नावाच्या छायाचित्रकारानं इंग्लंडमध्ये १८५७ सालीच तीसेक निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र केलं होतं. आपल्याकडे निगेटिव्हवर पेन्सिलनं चेहऱ्याचे डाग घालवणारे आणि काळ्यापांढऱ्या फोटोत हातानं रंग भरणारे कारागीर होतेच.

आणि मराठी माणसानं या बाबतीत एक नाव विसरू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. सिनेमा काढण्याआधी ते छायाचित्रकार होते, छपाईच्या धंद्यात होते आणि जादूचे प्रयोगही करत. स्वतःचं नाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणवून घेत. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आला. त्याच्या आधी त्यांनी 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, दिवसेंदिवस थोडंथोडं चित्रण केलं, आणि पडद्यावर ते रोप क्षणात वाढताना दिसलं. बघा, यात खोटं काय आहे? रोप खरं, वाढ खरी. वेळ तेवढा घडी घालून ठेवला.

पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके यांनी केली. लोक पडद्यावरच्या रामाला पाहून पायातल्या चपला काढत, असं सांगतात. पण मला फाळक्यांची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी साधी मुलगी म्हणून दिसते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते, आणि मग कृष्णाच्या रूपात येते. म्हणजे किमयागारानं आधी सांगून टाकलं, ही माझी मुलगी आहे, ती कृष्णाचं सोंग घेणार आहे. 'चित्रपट कसे तयार करतात' अशी एक फिल्मही त्यांनी काढली. कसब उघडं केल्यानं लोकांचा आनंद कमी झाला नाही.

आपल्या झाडीपट्टीत हे वेगळं समजावून सांगायला नको. धान निघाल्यावर नाटकं लागतात. रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा कापडाचा आहे हे रात्रभर जागणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी डोळ्यांत पाणी येतं. हा आभास आहे, पण फसवणूक नाही. दाखवणारा आणि बघणारा यांच्यात करार आहे.

फोटोच्या बाबतीत हा करार कुठे मोडतो? इथे न्यायशास्त्राचा आधार घेतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. हे अनुमान का चालतं? कारण जिथे धूर तिथे अग्नी, हे नातं पक्कं आहे. त्याला व्याप्ती म्हणतात. पण लांबून दिसणारं धुकं धूर समजलात, तर अनुमान फसतं. बांधीवर पहाटे उतरलेलं धुकं पाहून कुणी आग लागली म्हणून धावायचं नाही.

फोटोला आपण पुरावा मानत आलो तो असाच. समोर वस्तू होती, तिच्यावरचा उजेड भिंगातून आत गेला, फिल्मवर ठसा उमटला. फोटो म्हणजे धूर, वस्तू म्हणजे अग्नी. एडिटिंग सोपं झालं आणि ही व्याप्ती सैल झाली. आता पडद्यावर दिसतो तो धूर की धुकं, नुसतं बघून सांगता येत नाही. मग उरतं काय? दुसरं प्रमाण उरतं, शब्दप्रमाण. म्हणजे आप्तवाक्य. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरं बोलतो, अशा माणसाचं सांगणं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की फोटो हा आता कुणाचं तरी सांगणं झाला आहे. म्हणून फोटोला विचारायचा पहिला प्रश्न असा: हे कोण सांगतंय?

एक उदाहरण देतो. २००७ साली चीनच्या शान्सी प्रांतात एका शेतकऱ्यानं दक्षिण चिनी वाघाचे फोटो आणले. हा वाघ जंगलात अनेक वर्षं दिसला नव्हता. प्रांताच्या वनखात्यानं ते फोटो खरे म्हणून जाहीर केले आणि त्याला बक्षीसही दिलं. लोकांनी फोटो निरखले तेव्हा लक्षात आलं की वाघ एकाही फोटोत हललेला नाही. मग तसेच पट्टे, तीच बसण्याची ढब असलेलं भिंतीवर लावायचं एक जुनं छापील चित्र सापडलं. २००८ मध्ये फोटो बनावट असल्याचं सरकारनं मान्य केलं, शेतकऱ्याला शिक्षा झाली, अनेक अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. लक्षात घ्या, कागदी वाघ झाडीत उभा करायला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नव्हतं. चूक झाली ती सांगणारा न तपासण्यात.

आपल्या जिल्ह्यात कोका आहे, शेजारी नागझिरा आहे. "गावाच्या वेशीवर वाघ" असा एखादा फोटो गंमत म्हणून बनवून कुणी ग्रुपवर टाकला, तर काय होईल? ऐन निंदणाच्या दिवसांत बाया शेतावर जायच्या थांबतील, मजुरी बुडेल. आणि असे दोन फोटो खोटे निघाले की तिसऱ्या वेळी खऱ्या वाघाच्या फोटोवर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्या दिवशी जीव जाईल. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहेच.

म्हणून बघणाऱ्यांसाठी चार सूचना. एक, सावल्या बघा. एकाच सूर्याखाली त्या दोन दिशांना पडत नाहीत. दोन, केसांच्या कडा आणि हाताची बोटं मोठी करून बघा. तीन, गवत, गर्दी, धूर यांत हुबेहूब तोच तुकडा पुन्हा आला आहे का बघा. चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची, ज्यानं पाठवला त्याला मूळ फाईल मागा. कुठे काढला, कधी काढला, तू स्वतः काढलास का, हे विचारा. पहिल्या तीन खुणा चांगला कारागीर पुसून टाकतो. चौथ्या प्रश्नापुढे त्याचं कसब चालत नाही.

बनवणाऱ्या मुलांनाही सांगतो. शिका, जरूर शिका. गिम्पसारखा प्रोग्राम फुकट मिळतो. पण मूळ फोटो कधी पुसू नका. बदललेल्या फोटोवर तसं लिहा. आणि दुसऱ्याचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय घेऊ नका, मुलीचा तर नाहीच. चेहरा चिकटवून घाणेरडा फोटो करणं ही काही जणांना थट्टा वाटते. त्या मुलीचं शिक्षण तिथेच थांबतं, घरचे तिला बाहेर पडू देत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ नुसार असला मजकूर पसरवणं गुन्हा आहे, आणि नुसता पुढे पाठवणाराही त्यातून सुटत नाही.

राहता राहिले आपले आजोबा. नातवाशेजारी त्यांना बसवलं, ते खोटं का? आज नाही. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ही भेट झाली नव्हती; तो फोटो घरच्यांची इच्छा सांगतो. पण तो नातू चाळीस वर्षांचा होईल तेव्हा हे ठाऊक असणारी माणसं नसतील. तो आपल्या मुलांना सांगेल, आजोबांनी मला मांडीवर घेतलं होतं. तेव्हा तोच फोटो, काही न बदलता, खोटी साक्ष देईल. उपाय फार सोपा आहे. फोटो फ्रेममध्ये घालण्याआधी मागच्या बाजूला पेनानं दोन ओळी लिहा: आजोबा कधी गेले, नातू कधी जन्मला, हा फोटो जोडून कुणी केला. पुढून इच्छा दिसेल, मागून खरं वाचता येईल.