खडकी स्टेशनवरचा भोंगा

खडकीला न थांबणारी एक्सप्रेस भोंगा वाजवत येते तेव्हा सूर चढा लागतो. ती पुढे जाताच तो झर्रकन उतरतो. असं का? गाडीचा चालक काही बटण बदलत नाही. पुढे धावणारी गाडी आपल्याच ध्वनिलहरी समोरच्या बाजूला दाटीवाटीने सोडते, मागच्या बाजूला विरळ.

गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धरू. ध्वनीचा सुमारे ३४०. मूळ ४०० हर्ट्झचा भोंगा येताना जवळपास ४३२ आणि जाताना ३७३ हर्ट्झचा ऐकू येतो. मुलं इथे हमखास फसतात: गाडी जवळ येते तसा आवाज मोठा होत जातो, सूर मात्र वाढत जात नाही.

भौतिकशास्त्रज्ञ डॉप्लर यांनी हे १८४२मध्ये मांडलं. १८४५मध्ये हॉलंडात वादकांना चक्क आगगाडीत बसवून ते तपासलं गेलं.

खडकीजवळच, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतून दूर पळणाऱ्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचे संकेत टिपतात. मूळ १४२० मेगाहर्ट्झचे हे संकेतही दूर जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखे उतरलेल्या वारंवारतेनेच पोहोचतात. तिथे मात्र अवकाशाचं प्रसरणही हिशेबात धरावं लागतं.