कर्ली खाडीचे दोन हंगाम

मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली ओलांडली की देवबागची चिंचोळी पट्टी लागते. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी. खाडीच्या काठाने चिपी, तिवर, कांदळ यांची दाटी आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या माळावर विमानतळ सुरू झाला. जेथे पूर्वी वल्ह्याचा आवाज तेवढा होई, तेथे आता यांत्रिक नौकांची वर्दळ असते.

या बदलाविषयी बोलताना कांदळवनांच्या तोडीचा प्रश्न प्रथम निघतो, आणि तो गौण नाही. खारे पाणी बांध घालून अडवावे व आत भात पिकवावे, हाच या दलदलीचा सदुपयोग असे एकेकाळी शासनही मानीत असे. १९७९ चा खारजमीन विकास कायदा त्याच विचारातला. पुढे वारे फिरले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांची तोड निषिद्ध ठरविली आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो, त्यांच्याभोवती ५० मीटरांत बांधकामास मनाई केली. २०२० मध्ये पांढरी चिपी राज्याचा कांदळवृक्ष झाली. कायद्याने झाडाला अभय दिले. पक्ष्याला ते अद्याप मिळालेले नाही.

याचे कारण ओहोटीत आहे. बगळे आणि खंड्या झाडांचा आसरा घेतात हे खरे; परंतु चिखल्या, तुतारी यांसारख्या पाणथळ पक्ष्यांचे अन्न ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात असते, आणि सुरय व कुरव विसाव्यासाठी वाळूचे उघडे पट्टे शोधतात. भरती आली की ताट उचलले जाते. यांतील बरेच पक्षी उत्तरेकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात व मार्च-एप्रिलात परततात. परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना याच चिखलातून कमवावी लागते.

पर्यटनाचा हंगामही नेमका हाच! पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. म्हणजे खाडी निवांत असते तेव्हा पाहुणे पक्षी हजारो मैल दूर असतात. लोकांनी ‘त्सुनामी बेट’ असे नाव दिलेल्या कर्लीतील वाळूच्या पट्ट्यावर मंडळी उतरतात तीही ओहोटीच्याच वेळी. यांत एकही झाड तुटत नाही, एकही वीट रचली जात नाही. त्यामुळे बांधकाम मोजणाऱ्या कायद्याला काही दिसतच नाही. वारंवार उडावे लागलेला पक्षी उपाशी राहतो, त्याची नोंद कोणत्या दप्तरी व्हायची?

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात: लाभ घेणारा एक, किंमत मोजणारा दुसरा. म्हणून नौकाचालकास दोषी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. पर्ससीन जाळ्यांशी झगडून थकलेल्या पारंपरिक मच्छीमाराने पर्यटनाकडे वळावे, यात नवल ते काय? शहरातून येऊन त्याला निसर्गप्रेम शिकविणाऱ्यांनी आधी त्याचा जमाखर्च पाहावा.

वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत एका महिला बचत गटाने २०१७ पासून दुसरी वाट धरली आहे. या स्त्रिया वल्हवीत पाहुण्यांना कांदळवन व पक्षी दाखवितात. त्यांचे उत्पन्न खाडीच्या शांततेवरच अवलंबून असल्याने ती राखण्यात त्यांचा स्वार्थ आहे, आणि असा स्वार्थ उपदेशापेक्षा अधिक टिकतो. अर्थात देवबागचा सगळा व्यवसाय वल्ह्यावर आणणे शक्य नाही.

शक्य आहे ते एवढेच, की नोव्हेंबर ते मार्च या काळात चिखलाचे व वाळूचे काही ठरावीक पट्टे ओहोटीच्या तासांत मोकळे सोडावेत आणि तशी अट सागरी मंडळाच्या परवान्यात घालावी. उरलेल्या पट्ट्यांवर व्यवसाय चालू राहील. पट्ट्यांची निवड मात्र नौकाचालकांना बरोबर घेऊनच व्हावी. उधाणाच्या ओहोटीला काय उघडे पडते आणि भांगाला काय बुडालेले राहते, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा अधिक ठाऊक असते.