लेखनकार्य आणि कार्यकारी क्षमता : अध्ययन-भिन्नता असलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न

वेंधळा, धांदरट, विसरभोळा, चुकार, आळशी : वर्गातील मुलाविषयी तक्रार करावयाची झाल्यास मराठीत विशेषणांची वाण नाही. ही सारी विशेषणे स्वभावाचा निर्देश करतात, आणि स्वभाव म्हटला की दोष मुलाच्या माथी येतो. ज्या मुलाला विषय समजलेला आहे, तोंडी विचारले असता जे नेमके उत्तर देते, तेच मूल लेखी उत्तराच्या वेळी अर्ध्यावर थांबते, प्रश्नाचा दुसरा भाग विसरते, केलेला अभ्यास घरीच ठेवून येते. अशा वेळी वरील विशेषणे कारण सांगत नाहीत. ती लक्षणाला नाव देऊन मोकळी होतात.

जाणणे आणि जाणलेले कृतीत उतरविणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया (१९०२-१९७७) यांच्या निरीक्षणांवरून स्पष्ट होते. मेंदूच्या अग्रखंडाला इजा झालेले त्यांचे काही रुग्ण दिलेली सूचना बिनचूक उच्चारीत, परंतु तिच्यानुसार कृती करू शकत नसत. अध्ययन-भिन्नता असलेल्या मुलाच्या मेंदूला अशी इजा झालेली नसते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तथापि ज्ञान आणि त्याचे नियमन यांतील अंतर त्याच्याही बाबतीत ध्यानात घ्यावे लागते. या नियमनाच्या शक्तीलाच आज कार्यकारी क्षमता म्हणतात. तिचे सामान्यतः तीन घटक मानले जातात : माहिती मनात धरून तिच्यावर काम करणारी कार्यस्मृती, अनुचित प्रतिसाद रोखून धरणारा निरोध आणि एका नियमावरून दुसऱ्याकडे वळू देणारी लवचीकता. डिस्लेक्सिया किंवा अवधान-न्यूनता असलेल्या अनेक मुलांत यांपैकी एखादा घटक दुर्बळ आढळतो. प्रत्येकात आढळतोच असे नाही.

मराठी लेखनात या घटकांवर किती भार पडतो याची कल्पना एका लहानशा उदाहरणावरून येईल. 'फूल' या शब्दातील ऊकार दीर्घ. पण 'फुलाला' लिहिताना तो ऱ्हस्व होतो. उपान्त्य ईकार-ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व करावा, हा नियम मुलाने एकदा आत्मसात केला की 'गरीब'चे 'गरिबाला' होते. पुढचा शब्द 'गीत' असला तर? तो तत्सम असल्यामुळे 'गीताला' हेच रूप राहते. म्हणजे नुकताच शिकलेला नियम येथे आवरून धरावयाचा, शब्दाचे कूळ आठवावयाचे, आणि हे सर्व चालू असता वाक्याचा उरलेला भाग मनात जागा ठेवावयाचा. त्यात ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे, उच्चारात मात्र त्याच्यानंतर; 'र' तर कधी रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, कधी मागच्या अक्षराच्या पोटात शिरतो. सरावलेल्या लेखकाला हे सारे आपोआप साधते. ज्याला प्रत्येक अक्षर जाणीवपूर्वक जुळवावे लागते, त्याच्याजवळ आशयासाठी शिल्लक काय उरणार? (शुद्धलेखनावरून बुद्धिमत्तेचे माप घेण्याची आपली जुनी सवय या प्रश्नापाशी तपासून पाहण्यासारखी आहे.)

शासनाने या मुलांची दखल घेतलेली नाही असे नव्हे. महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षांत सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला देशभर मान्यता दिली. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक देण्याची तरतूद आहे. सवलत न्याय्यच आहे. परंतु ज्याला मिळालेल्या तीन तासांची वाटणी करता येत नाही, त्याला चौथा तास देऊन त्याची मूळ अडचण दूर होत नाही. तो तासही पहिल्याच प्रश्नावर खर्ची पडू शकतो. दुसरी सवलत भाषेच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने पाहावी अशी आहे. दोनऐवजी एकच भाषा घेण्याची मुभा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ अशा विद्यार्थ्यांना देते. त्यामुळे मुलाचा ताण हलका होतो, हे खरे. पण गळणारी भाषा पुष्कळदा त्याच्या घरची किंवा शेजाराची असते, आणि तिच्यातील कथा-कवितेचा दरवाजा तो वाचक होण्यापूर्वीच बंद होतो.

मग साहाय्य कोणत्या स्वरूपाचे असावे? संगणकावरील खेळांनी कार्यस्मृती वाढवावी, ही कल्पना मध्यंतरी लोकप्रिय झाली होती. मेल्बी-लेर्व्हाग आणि ह्यूम यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा सरावाचा लाभ वाचन वा गणितापर्यंत पोहोचल्याचे दिसले नाही. आधार प्रत्यक्ष कामातच द्यावा लागतो. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये अध्यापनातील अशा आधाराला जी उपमा दिली, तिला मराठीत 'परांची' हा गवंड्याचा शब्द नेमका लागू पडतो. परांची भिंतीचा भाग नसते, आणि भिंत उभी राहिली की ती उतरवितात.

निबंधाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की विचार, मांडणी, लेखन आणि दुरुस्ती ही कामे एकाच बैठकीत, एकाच कागदावर करावयास लावू नयेत. मुद्दे प्रथम तोंडी सांगू द्यावेत, ते चिठ्ठ्यांवर एकेका शब्दात टिपावेत, चिठ्ठ्यांचा क्रम मेजावर हलवून ठरवावा. क्रम आता डोक्यात नसून डोळ्यांपुढे असतो. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नको. दुरुस्तीच्या वेळी एका फेरीत एकच दोष शोधावा : आधी सामान्यरूपे, मग जोडाक्षरे. कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी विकसित केलेल्या लेखनपद्धतीत शिक्षक स्वतः मोठ्याने विचार करीत लिहून दाखवितो, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. 'येथे मी अडलो, आता प्रश्न पुन्हा वाचतो' असे शिक्षकाच्या तोंडून ऐकल्यावर मूल तेच प्रथम मोठ्याने, मग पुटपुटत आणि शेवटी मनातल्या मनात म्हणू लागते. उच्चारित वाणी अशी अंतर्मुख होते, हे विगोत्स्कींनी पूर्वीच प्रतिपादिले होते.

आधार केव्हा काढावा, हा या पद्धतीतील सर्वांत नाजूक भाग. एका निबंधात यश आले म्हणून चिठ्ठ्या काढून घेतल्या तर मूल पुन्हा कोलमडते, आणि 'येत असूनही करीत नाही' हा जुना शेरा वहीवर परत येतो. एका वेळी एकच आधार कमी करावा; आधी शिक्षकाचे प्रश्न, नंतर तयार चिठ्ठ्या. मुद्द्यांचा कागद मात्र काहींना पदवीच्या वर्गापर्यंत लागेल.