यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा? ओरगडमच्या निमित्ताने

नवे तंत्रज्ञान वेळ वाचवते, हे तुम्ही रोज अनुभवता. वीजबिल भरायला रांग नाही, वाटण मिक्सरमध्ये होते, पैसे फोनवरून जातात. तरीही 'वेळच मिळत नाही' ही तक्रार कमी होत नाही. असे का होते, ते या टिपणात पाहू.

आधी एक फरक लक्षात घ्या. यंत्र वाचवते ते एखाद्या कामाला लागणारा वेळ. तो वाचलेला वेळ आपल्याला फुरसत म्हणून मिळेलच असे नाही, कारण त्या वेळात दुसरे काम भरता येते. मुंबईच्या कापड गिरण्यांचेच उदाहरण घ्या. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस बराचसा सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवे आले आणि अंधार पडल्यावरही यंत्रे चालू राहू लागली. काम तेरा-चौदा तासांवर गेले, कामगारांत असंतोष पसरला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. त्याआधी रविवारची सुट्टी मिळाली तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून, १८९० मध्ये. दिव्याने संध्याकाळ घेतली, ती काही अंशी कायद्याने परत दिली.

आता ओरगडमला या. चेन्नईजवळ, कांचीपुरम जिल्ह्यातला हा वाहन उद्योगाचा पट्टा. रेनो-निसान, डेमलरचे ट्रक, रॉयल एनफिल्ड यांचे कारखाने इथे २०१० पासूनच्या काही वर्षांत सुरू झाले. अशा कारखान्यांत वेल्डिंगसारखी कामे मोठ्या प्रमाणात रोबो करतात. मग माणसाचा दिवस लहान झाला का? २१ एप्रिल २०२३ रोजी तमिळनाडू विधानसभेने कारखाना कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. तिच्यामुळे दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा मिळणार होती. सरकारचे म्हणणे असे की आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी. कामगार संघटनांबरोबर सत्ताधाऱ्यांच्या मित्रपक्षांनीही विरोध केला. तीनच दिवसांत विधेयक स्थगित झाले आणि १ मे रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले.

बेरीज तीच, तर भांडण कशाचे? स्वतः हिशेब करून पाहा. समजा कामाचे १२ तास, कंपनीच्या बसचे जाऊन-येऊन २ आणि झोपेचे ८. उरतात २ तास. त्यात आंघोळ, जेवण आणि मुलाचा अभ्यास. तीन दिवसांची सुट्टी हा तोटा भरून काढते का? एकट्या तरुणाला कदाचित भरून काढेल, तो गावी जाऊन येईल. पण मुलाला रोज संध्याकाळी भूक लागते. चार दिवसांचा स्वयंपाक सुट्टीवर ढकलता येत नाही. म्हणून फुरसत मोजताना किती तास मिळाले याइतकेच ते केव्हा मिळाले हेही पाहावे लागते. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत हा मुद्दा सहसा एका ओळीत संपतो, पण माझ्या मते कळीचा तोच आहे.

घरातली वाटणीही समान नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ९७. मिक्सर-कुकर येऊनही हे अंतर आहे.

राहिला फोन. बसमधला कंटाळा त्याने घालवला, हे खरे. पण उद्याची शिफ्ट बदलल्याचा निरोप रात्री दहाला येतो तोही त्याच फोनवर, आणि मग झोपण्यापूर्वीचा तास नक्की कोणाचा, हे ठरवणे अवघड होते. कामाच्या वेळेनंतर अशा निरोपांना उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही.