गोंडी लिपी संगणकावर

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातले सूरजागड लोहखनिजामुळे सर्वांना ठाऊक झाले. या परिसरात बोलली जाणारी माडिया ही गोंडी भाषासमूहातली बोली. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसाराम यांनी १९१८ मध्ये लिपी तयार केली. तिला युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतांच्या प्रमाणात स्थान मिळाले ते २०१७ मध्ये. आदिलाबादकडच्या गुंजाळा गोंडी या दुसऱ्या लिपीला २०१८ मध्ये.

संकेतांक मिळाले म्हणून अक्षर लगेच दिसू लागत नाही. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसते रिकामे चौकोन उमटतात. नोटो या फॉन्टमालिकेतला मसाराम गोंडी फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो, आणि अक्षरांची जुळणी हार्फबझसारखी मुक्त प्रणाली करते. इथे बारकावा फार. देवनागरीत एकाच हलन्त चिन्हाने अक्षराचा पाय मोडतो आणि जोडाक्षरही घडते. मसाराम गोंडीत या दोन कामांना दोन स्वतंत्र संकेत आहेत. प्रोग्रॅमरने हा फरक हेरला नाही, तर शब्दच मोडतो.

अशी कामे कित्येक डेव्हलपर नोकरीचे तास संपल्यावर, हौसेने करतात. चूक सापडली की ती नमुन्यासह नोंदवायची, दुरुस्तीचा कोड पाठवायचा, जाणकारांनी दाखवलेल्या त्रुटी निस्तरायच्या. मगच तो कोड मूळ प्रणालीत सामील होतो. कोड न येणाऱ्या गोंडी भाषकाचे योगदानही तितकेच मोलाचे. अक्षर बरोबर उमटले की नाही, हे तोच सांगू शकतो. गडचिरोलीत गोंडी बहुधा देवनागरीतच लिहिली जाते, त्यामुळे देवनागरी कळफलक आणि शब्दकोश यांचीही तिला तेवढीच गरज आहे.